उभ्या पिकात पडलेला पाय

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर आत्ता वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. अर्धवट वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

हा मजकूर खरं तर रविवारच्या पुरवणीत यायचा होता. 'निळ्या पाण्याचं बेट' असं हेडिंगही लागलं होतं. आला नाही. का आला नाही, ते शेवटी सांगतो. त्याआधी एक कबुली देणं भाग आहे.

फेब्रुवारीत मी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलो होतो. तिथे छातीभर पाण्यात माझ्या पायाखाली एक प्रवाळ मोडलं. मुद्दाम नाही मोडलं, घाबरलो म्हणून मोडलं. पण मोडलं हे खरं. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका छापतोय, तेव्हा ही स्वतःची आधी छापतो.

आता मी तिथे गेलो कसा, हे सांगतो. आमच्या गावातले एक टूरवाले भाऊ दरवर्षी अंदमानची सहल काढतात. पेपरचे जुने जाहिरातदार. दिवाळी अंकाला, पंधरा ऑगस्टला न चुकता जाहिरात देतात. तालुक्याच्या पत्रकाराचं गणित तुम्हाला माहीत असेलच. बातमीला मिळणारे पैसे चहापाण्यापुरते, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. भाऊ म्हणाले, "साहेब, यंदा वहिनींना आणि पोरीला घेऊन चला. तुमचे तिघांचे पैसे अर्धे. आल्यावर फक्त एक झकास फुल पेज लिहा." मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणालो. लेक नववीत आहे, तिने समुद्र फक्त मोबाइलमध्ये बघितला होता. कारण चांगलं होतं, पण सवलत ही सवलतच असते.

आम्ही बावीस जण. रेल्वेने हैदराबाद, तिथून विमान. आमच्याकडची माणसं अंदमानला जातात ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीत गेल्यावर आमच्यातले सत्तरीचे एक गुरुजी भिंतीला डोकं टेकून उभे राहिले, किती तरी वेळ हलले नाहीत. तो दिवस वेगळाच होता, त्यावर परत कधीतरी लिहीन. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉक. खासगी बोटीने दीडेक तास, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. निम्म्या लोकांनी पिशव्या तोंडाला लावल्या होत्या.

हॅवलॉक हे १८५७ च्या लढाईतल्या एका इंग्रज सेनापतीचं नाव. डिसेंबर २०१८ मध्ये बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पाट्या बदलल्यात. पण बोटीच्या तिकीटवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय.

गावांची नावं ऐकून मला आधी गंमत वाटली. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, विजयनगर, राधानगर. वाटलं, एखाद्या सप्ताहाच्या गावात आलो की काय. नंतर कळलं. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने १९५० च्या दशकात इथे आणून वसवलं. भाताला आणि घराला जमीन दिली. घरदार, देव, नदी सगळं मागे राहिलेल्या माणसांनी जंगल साफ केलं आणि गावांना देवांची नावं दिली. आजही बेटाच्या मधल्या भागात भातखाचरं, नारळ, सुपारी, केळी दिसतात. २०११ च्या जनगणनेत या बेटाची लोकसंख्या सहा हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे आमच्याकडचं एखादं बाजाराचं गाव.

किनाऱ्यांना मात्र नंबर आहेत. राधानगरचा किनारा म्हणजे बीच नंबर सात. 'टाइम' मासिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा ठरवलं. २०२० मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्याचं 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. खरोखर सुंदर आहे, त्यात वाद नाही. पिठासारखी पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडांचं जंगल आणि पाण्याचा रंग असा की फोटोत खोटा वाटावा. अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाच्या सुमारासच सूर्य बुडतो. आमची मंडळी चहा पिऊन निवांत निघाली, पोहोचेपर्यंत अंधार पडायला आला. जाणार असाल तर चारच्या आत पोहोचा.

तिथे पांढऱ्या वाळूचा विषय निघाला. लेकीने विचारलं, "बाबा, ही वाळू पांढरी कशी? आपली गोदावरीची तर काळसर असते." मला माहीत नव्हतं. आमच्याबरोबर हॉटेलवरून दिलेला एक स्थानिक पोरगा होता, तिशीचा असेल. तो हसला आणि म्हणाला, "दीदी, ये मछली की पॉटी है." आम्हाला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पॅरटफिश नावाचा चोचीच्या तोंडाचा मासा मेलेलं प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि उरलेला चुरा बाहेर टाकतो. सगळी वाळू त्याचीच असं नाही, शंखशिंपल्यांचा आणि लाटांनी झिजलेल्या प्रवाळाचा चुराही त्यात असतो. पण मुद्दा हा की ज्या किनाऱ्याचा फोटो बघून आपण तिकीट काढतो, तो किनारा पाण्याखालच्या प्रवाळातून आलेला आहे. पाण्याखालचं गेलं तर वरचंही हळूहळू जाईल. हे त्या पोराने मला सांगितलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, तो बारावीनंतर डायव्हिंग शिकलाय.

दुसऱ्या दिवशी एलिफंट बीच. पूर्वी इथे लाकूडतोडीच्या कामाला हत्ती होते. ओंडके ओढायचे आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. त्यातला राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती २०१६ मध्ये वारला. आता तिथे धक्क्यावरून स्पीडबोटीने पर्यटक जातात. किनाऱ्यावर त्सुनामीच्या वेळी उन्मळलेली झाडं अजून पडलेली आहेत. दिसायला भयंकर, पण सेल्फी तिथेच.

इथेच स्नॉर्केलिंग चालतं. म्हणजे तोंडाला काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट, हाताला हवा भरलेली रिंग, आणि एक पोरगा तुम्हाला ओढत नेतो. बोटीच्या पैशातच हे धरलेलं असतं म्हणून कुणी सोडत नाही. त्या दिवशी पाण्यात दीडदोनशे माणसं असतील. लग्नाच्या पंगतीसारखी एक पंगत उठली की दुसरी बसत होती. एकाने बिस्किटाचा पुडा पाण्यात फोडला, मासे झुंबडले, सगळ्यांनी व्हिडिओ काढले.

मला पोहता येत नाही. विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलो तरी पोटात गोळा येणारा मी माणूस. पाच मिनिटं छान गेली. खाली निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मग काचेत पाणी शिरलं, ते नाकात गेलं, मी नळी थुंकली आणि पाय खाली सोडले. ओहोटीची वेळ होती, पाणी छातीएवढंच होतं. पायाला काहीतरी लागलं. मी सगळं वजन टाकून उभा राहिलो.

कटकन आवाज आला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर पाण्यात आवाज कुठला येणार. तो पायाला कळला. वाळलेली तुरीची काटकी मोडावी तसा.

तो पोरगा ओरडला, "सर, पैर मत रखिए! पैर उठाइए!" मी म्हणालो, "अरे, बुडतोय मी!" तो म्हणाला, "जॅकेट है सर, नहीं डूबेंगे. लेट जाइए." मी पाठीवर पडलो आणि खरंच तरंगलो. एवढंच करायचं होतं. हे कुणीतरी मला पाण्यात उतरायच्या आधी सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल, मी तेव्हा लेकीचा फोटो काढत होतो.

तळव्यातून रक्त येत होतं. त्याने खाली डुबकी मारली आणि हातात बोटभर जाडीची एक फांदी घेऊन वर आला. सांबराच्या शिंगासारखी, तपकिरी, टोकाला निळसर. मला वाटलं, आठवण म्हणून देतोय. मी हात पुढे केला. त्याने दिली नाही. परत खाली गेला आणि ती दोन दगडांच्या फटीत खोचून आला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "कभी कभी लग जाता है."

हे वाक्य मला लगेच कळलं, कारण आम्ही उसाचं बेणं लावणारी माणसं. या जातीचं प्रवाळ उसासारखंच आहे. तुकडा स्थिर राहिला, जागा मानवली, तर त्यातून नवं वाढतं. लाटेने गडगडत राहिला तर मरतो. फांद्यांची प्रवाळं वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात. मोठाल्या दगडासारखी जी प्रवाळं असतात, ती वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढली तरी खूप. म्हणजे हंडाभर आकाराचं प्रवाळ दिसलं तर ते आपल्या लग्नाच्याही आधीचं धरून चाला. आणि प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. बारीक बारीक प्राण्यांची ती वसाहत आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २००१ पासून ते पहिल्या अनुसूचीत आहे. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. वाघाच्या शेपटीवर पाय द्यायला कुणी तिकीट काढून जात नाही. इथे आम्ही दोनशे जण रोज जातो.

संध्याकाळी पायाला पट्टी बांधून मी त्या पोराच्या घरी गेलो. त्यानेच बोलावलं होतं, "माँ ने बोला है, चाय पीके जाइए." अंगणात सुपारी वाळत घातलेली. त्याचे आजोबा निर्वासित म्हणून आलेले. आजोबांनी भात केला, वडिलांनी भात आणि मासेमारी केली, हा डायव्हिंग शिकवतो. एक एकही विकलेला नाही, पण रस्त्याकडेची बरीच शेजारपाजारची जमीन हॉटेलांकडे गेल्याचं म्हणाला.

त्याच्या आईने मला पहिला प्रश्न विचारला तो कांद्याचा. "आपके महाराष्ट्र में प्याज कितने का है?" मी म्हणालो, आमच्या शेतकऱ्याला कधी कधी काढणीचा खर्च निघत नाही. तिला ते पटेना. तिथे बहुतेक भाजीपाला, धान्य, डिझेल सगळं जहाजाने येतं. समुद्र खवळला आणि जहाज लांबलं की भाव चढतो. आमच्याकडे कांदा रस्त्यावर ओततात आणि इथे ही बाई दोन कांदे मोजून घेते. दोघंही एकाच देशात. यावरही एक वेगळी पोस्ट होईल.

मग तो बोलायला लागला. मी वही काढली नाही, सवयीने लक्षात ठेवलं. म्हणाला, "२०१० में मैं दसवीं में था. पापा बोले, चल दिखाता हूँ. पूरा समंदर सफेद. जैसे किसी ने चूना मार दिया." समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं. हे शेवाळच त्याला रंग देतं आणि सूर्यप्रकाशावर अन्न करून खाऊ घालतं. ते गेलं की प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही निवलं तर उपाशी मरतं. अंदमानात १९९८ ला असं झालं, २०१० ला मोठं झालं, २०१६ ला परत झालं. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन चालू असल्याचं जाहीर केलं.

मी म्हणालो, मग माझ्या एका पायाने काय फरक पडतो? समुद्र तापवणारे तर दुसरेच आहेत.

तो शांतपणे म्हणाला, "सर, आपके यहाँ सूखा पड़ता है ना? तो जो फसल बच गई, उसमें लोग चलते हैं क्या?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे दुष्काळात जे चार वाफे तगतात त्यांच्याभोवती आपण काट्याचं कुंपण घालतो. शेजाऱ्याची म्हैस शिरली तर भांडणं पोलीस स्टेशनपर्यंत जातात. मी त्या घरच्या उभ्या पिकात शिरलेली म्हैस होतो. शिवाय दावं भाऊंनी अर्ध्या किमतीत सोडलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक हट्टाला पेटली, डायव्हिंग करायचंच. माझी हिंमत नव्हती. पण ती एकटी पाण्याखाली आणि मी वर, हे त्याहून अवघड. त्याच पोराबरोबर गेलो. आता इथे मी नीट ऐकलं, म्हणून सविस्तर लिहितो. कुणाला उपयोग होईल.

आधी फॉर्म भरून घेतात. दमा, हृदय, बीपी, फिट्स, कानाचं ऑपरेशन. आमच्यातल्या एकाने बीपीची गोळी चालू असून 'नाही' लिहिलं. असं करू नका. तिथून रुग्णालय जवळ नाही. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. आम्ही पेपरवाले कायम 'ऑक्सिजन सिलिंडर' लिहितो, ते चूक. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. म्हणून दर मीटर-दीड मीटरला नाक दाबून कानात हवा सोडायची. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, कारण फुफ्फुसात कोंडलेली हवा वर येताना फुगते. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नाही, 'मला वर घ्या'. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. आमच्या टूरवाल्या भाऊंनी कॅमेऱ्याला अंगठा दाखवला आणि त्यांना दोन मिनिटांत वर काढलं. पैसे पूर्ण गेले.

कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास सराव झाला. मग सात-आठ मीटर खाली. तो मागून माझी टाकी धरून होता, लेकीला दुसरी एक मुलगी घेऊन गेली. खाली कुणाचा आवाज नाही, फक्त स्वतःचा श्वास, डॉक्टरच्या नळीतून ऐकल्यासारखा.

काय दिसलं? दोन्ही दिसलं. अर्ध्या भागात राखाडी पडझड. जुन्या प्रवाळाचे तुकडे, त्यावर शेवाळाचा थर, एखाद्या उठलेल्या बाजारासारखं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली. आणि मग थोडं पुढे एक हिरवट-जांभळा पट्टा. शिंगाची प्रवाळं दाट उभी, मधून चिमुकले मासे एकदम बाहेर पडायचे आणि एकदम आत शिरायचे. समुद्रफुलाच्या झुलत्या दोऱ्यांत ती नारिंगी-पांढरी क्लाउनफिशची जोडी. माझ्या काचेवर येऊन दटावून गेली, एवढीशी. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या जाती कुठे ना कुठे त्याच्या आश्रयाने राहतात. त्या पट्ट्यात हे वाचायची गरज नव्हती, दिसत होतं.

मी हात छातीशी घट्ट बांधून ठेवले होते. पाय तर असे वर धरले होते की नंतर दोन दिवस मांड्या दुखल्या.

वर आल्यावर लेक रडत होती. मला वाटलं घाबरली. म्हणाली, "बाबा, ते राखाडी झालंय ते परत रंगीत होतं का?" मी म्हणालो, काही काही होतं. खोटं नव्हतं ते.

परतीच्या विमानतळावर बॅगा स्कॅन झाल्या तेव्हा आमच्यातल्या एका काकांच्या बॅगेतून मोठा शंख आणि प्रवाळाचे तीन तुकडे निघाले. किनाऱ्यावर पडलेले उचलले होते म्हणे. जवानाने काढून ठेवले, वर समज दिली. काका विमानात धुसफुसत होते, "एवढ्याशा दगडासाठी!" मी काही बोललो नाही. माझ्या बुटात माझा तळवा ठणकत होता. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, मला तीन आठवडे लागले.

आता पेपरचं.

मी फुल पेज लिहिलं. राधानगरचं, बोटीचं, कोठडीचं, माशांचं सगळं लिहिलं. त्यातच वरचं पायाचं आणि गर्दीचं लिहिलं. डेस्कवरून फोन आला, "लेख चांगला आहे, पण ते दोन परिच्छेद काढा. जाहिरातदार आहेत ते. पर्यटनाच्या पानावर हे कशाला?" मी म्हणालो, काढत नाही. मग पूर्ण लेखच निघाला. त्या जागी एका शोरूमची जाहिरात आली. डेस्कवरच्या मित्राला दोष देत नाही, त्यालाही महिन्याचा हिशेब द्यावा लागतो.

सवलतीचे पैसे मी भाऊंना परत द्यायला गेलो. एकदम जमले नाहीत, निम्मे दिले, बाकीचे दिवाळीपर्यंत देतो म्हणालो. भाऊ आधी चिडले. म्हणाले, "साहेब, असं लिहिलंत तर कोण येईल? माझे चार पोरं कामाला आहेत. आणि तिथल्या त्या पोराचं काय? पर्यटक गेले नाहीत तर तो काय खाईल?"

हे त्यांचं बरोबर आहे. मी 'जाऊ नका' म्हणत नाहीये. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने बोटी बंद पडल्या, हजारावर पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. तेव्हा सुटका फक्त पर्यटकांची झाली, बेटावरची माणसं तिथेच असतात. त्यांच्याकडे आता भाताइतकंच हे दुसरं पीक आहे. ते पीक बघायला आपण पैसे मोजतो, तुडवायला नाही. तिकिटाने बघायचा हक्क मिळतो, पाय टेकवायचा नाही. एवढाच फरक आहे आणि तो पाण्यात उतरायच्या आधी पाच मिनिटांत समजावता येतो.

आणि हे फक्त अंदमानचं नाही. आमच्याकडून अंदमानला वर्षाला एखादी बस भरते, मालवण-तारकर्लीला दर सुट्टीत भरतात. तिथेही स्नॉर्केलिंग आहे, तिथेही प्रवाळ आहे, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे. तिथल्या पाण्यात आपलेच पाय असतात.

भाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, मग लोकांना सांगायचं काय नेमकं? लिहून द्या. बोटीत वाचून दाखवतो." मी त्यांच्याच बिलबुकाच्या मागे लिहून दिलं. तेच इथे देतो.

१. पोहता येत नसेल तर लाज न बाळगता आधी सांगा.
२. घाबरलात तर उभं राहू नका, पाठीवर पडा. जॅकेट तरंगवतं.
३. पाय फक्त वाळूवर टेकवा. प्रवाळावर पाय नाही, हातही नाही.
४. माशांना बिस्किट, ब्रेड, काही टाकू नका.
५. शंख, प्रवाळ उचलू नका. विमानतळावर निघतंच, आणि गुन्हा आहे.
६. अंगाला क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.
७. डायव्हिंगच्या फॉर्मवर आजार खरा लिहा. सर्दीत उतरू नका.
८. डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नका. सहलीचा कार्यक्रम तसाच आखून घ्या.
९. बाटल्या, पुडे आपल्या पिशवीत परत आणा. बेटावर टाकलेलं जाणार कुठे?
१०. गाइड ओरडला तर राग मानू नका. त्याचं शेत आहे ते.

भाऊंनी कागद वाचला. दहावा मुद्दा वाचून हसले, घडी करून खिशात ठेवला. पुढची टूर नोव्हेंबरमध्ये आहे. बोटीत वाचतात की नाही ते त्या टूरमधलं कुणी ना कुणी मला सांगेलच, गाव लहान आहे.

तुमच्यापैकी कुणी अंदमानला, लक्षद्वीपला, मालवणला जाणार असेल तर वरचे दहा मुद्दे कॉपी करून ग्रुपवर टाका. माझं नाव टाकायची गरज नाही. टाकलंच तर 'एक प्रवाळ मोडलेला माणूस' एवढं टाका.